बोगद्यांची तोंडं : विन्हेऱ्यापासून वरळीपर्यंत

जुलै 2024 मध्ये कोकण रेल्वे ठप्प झाली ती महाड तालुक्यातलं विन्हेरे आणि खेड तालुक्यातलं दिवाणखवटी या दोन स्थानकांमध्ये, नातूवाडी बोगद्यापाशी. चार किलोमीटरहून लांब असलेल्या त्या बोगद्याच्या आत काहीही बिघडलं नव्हतं. चिखल उतरला तो बाहेर, तोंडाजवळ. डोंगर पोखरून केलेला भाग शाबूत आणि डोंगराला नुसता छेद दिलेला भाग रुळांवर, असं ते दृश्य होतं. सुमारे 24 तास गाड्या कुठे ना कुठे खोळंबून राहिल्या.

भुयारी रेल्वेच्या बांधकामाचा इतिहास सांगायला बसलं की यंत्रं येतात, खडक येतो, किलोमीटरांचे आकडे येतात. हे सगळं खरंच आहे. पण भोर घाटापासून मुंबईच्या मेट्रो-3 पर्यंतची कामं शेजारी ठेवून पाहिली, तर महाराष्ट्रात खडकाने फारसं अडवलेलं नाही. अडवलंय ते तोंडांनी. डोंगरात हे तोंड म्हणजे बोगद्याची कमान आणि तिच्या पुढची कटिंग. शहरात ते म्हणजे यंत्र उतरवायचा शाफ्ट, स्थानकाचा जिना, हवा खेळवायचं धुराडं आणि गाड्या जिथे जमिनीवर येऊन उभ्या राहतात ती कारशेड. भुयार जमिनीला जिथे जिथे भेटतं तिथे पाऊस असतो, माणसं असतात, झाडं असतात आणि न्यायालयही असतं. खाली यातलं काही नसतं.

महाड तालुक्यातल्या शिवथर खोऱ्यातल्या माणसाने मुंबईच्या भुयारी रेल्वेचा आढावा का घ्यावा, असं कुणी विचारेल. शेजारच्या पोलादपूरला तर रेल्वे स्थानकच नाही, आणि महाडच्या माणसाला गाडी धरायची तर वीरला जावं लागतं. पण तालुक्याच्या अंगावरून आणि अंगातून गेलेले बोगदे आम्ही पावसाळ्यात पाहतो, आणि इथली एक अख्खी पिढी मुंबईच्या गिरण्यांमध्ये राबली. दोन्ही टोकं ओळखीची आहेत, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

सुरुवात 1863 पासून करू, कारण त्या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. 10 जानेवारीला लंडनमध्ये जगातली पहिली भुयारी रेल्वे, मेट्रोपॉलिटन, सुरू झाली. एप्रिलमध्ये भोर घाटाचा रेल्वेमार्ग खुला झाला. लंडनचं भुयार खऱ्या अर्थाने पोखरलेलं नव्हतंच. रस्ता उकरायचा, खड्ड्यात विटांची कमान बांधायची आणि वरून रस्ता पुन्हा बुजवायचा, अशी रीत होती. भोर घाटात मात्र काळवथर फोडून 25 बोगदे काढायचे होते, तेही डायनामाइटचा शोध लागण्याआधी. हातोडा-पहार मारून भोकं पाडायची आणि त्यात बंदुकीची दारू ठासायची. 1861 मध्ये या कामावर 42,000 मजूर होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे पोचल्यावर थोड्याच काळात वारला, आणि त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवलं. त्याच वर्षाच्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला होता. कॉलऱ्याने आणि अपघातांनी किती माणसं गेली याचे आकडे हजारांत सांगितले जातात.

आपल्या प्रश्नापुरती गोष्ट पुढची आहे. मार्ग सुरू झाल्यावर चार वर्षांनी, 1867 मध्ये, घाटात मोठी पडझड झाली, ती मऊ-की-मळीच्या पुलाची. बोगद्यांच्या मधली दरी ओलांडणारा हा दगडी पूल कोसळला आणि बोगदे जागेवर राहिले. ज्यांना हातोड्याने फोडायला वर्षं लागली ते टिकले, आणि कारागिरांनी दगडावर दगड रचून बांधलेलं पडलं. काळवथराची ही खोड आहे. एकदा भोक पाडलं की तो स्वतःला बरंच सावरून धरतो.

1916 मध्ये ठाण्यापुढचा 1.3 किमीचा पारसिक बोगदा झाला आणि मुंब्र्याच्या बाजूने जाणारं वळण वाचलं. आज त्या बोगद्याची चर्चा होते ती माथ्यावर चढलेल्या वस्तीची, कचऱ्याची आणि झिरपणाऱ्या पाण्याची. आतल्या खडकाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

खडक नसला की काय होतं, हे बाहेरची शहरं सांगतात. जहाजबांधणीने श्रीमंत झालेल्या ग्लासगोने 1896 मध्ये आपली वर्तुळाकार भुयारी रेल्वे सुरू केली. सुरुवातीला डबे दोराने ओढले जात. क्लाइड नदीखाली खोदताना दाबाच्या हवेचा आधार घेऊनही पाणी पुन्हा पुन्हा आत शिरलं. कोलकात्यात देशातली पहिली भुयारी मेट्रो 24 ऑक्टोबर 1984 रोजी धावली. पायाभरणी 1972 ची, आणि दमदम ते टॉलीगंज हा पूर्ण पट्टा व्हायला 1995 उजाडलं. गंगेच्या गाळात बहुतेक काम लंडनच्याच जुन्या रीतीने झालं, म्हणजे भर रस्ता वर्षानुवर्षं उकरलेला. तिथेच 2019 मध्ये पूर्व-पश्चिम मेट्रोच्या यंत्राने बऊबाजारखाली पाण्याचा थर फोडला आणि वरची घरं खचली. मुंबईच्या मेट्रोवर टीका करताना हे ध्यानात ठेवावं. आपल्याकडचा पाषाण ही इंजिनिअरला मिळालेली देणगी आहे.

ती देणगी सर्वांत मोठ्या प्रमाणावर वापरली कोकण रेल्वेने. जुलै 1990 मध्ये महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे अध्यक्ष झाले, रोह्यापासून काम सुरू झालं आणि मार्च 1993 मध्ये गाडी वीरपर्यंत आली. 26 जानेवारी 1998 रोजी पूर्ण मार्ग खुला झाला. 741 किमीच्या या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत आणि त्यांची एकूण लांबी सुमारे 84 किमी भरते. उक्षी आणि भोके यांच्यामधला साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा 2013 मध्ये काश्मीरचा पीर पंजाल बोगदा होईपर्यंत देशात सर्वांत लांब होता. आमच्या शेजारचा नातूवाडी याच मालिकेतला.

या बोगद्यांत फिरणारं अजस्र यंत्र नव्हतं. हायड्रॉलिक ड्रिलने खडकाच्या अंगावर भोकं पाडायची, सुरुंग भरायचे, उडवायचे, धूर काढायचा, डबर उपसायचं आणि पुन्हा ड्रिल लावायचं, असं चक्र दोन्ही तोंडांकडून रात्रंदिवस चाले. पाषाणात हे चक्र ठरल्या गतीने फिरलं. घोळ झाला तो मऊ मातीच्या बोगद्यांत. असे नऊ होते. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्याने तर साऱ्या वेळापत्रकाला वेठीला धरलं. ओल्या चिकणमातीत यंत्र घालता येईना, हाताने थोडं थोडं खणावं लागे, आणि खणलेलं पुन्हा बसे. माणसं गेली, आणि पूर्ण मार्ग खुला व्हायला जो उशीर झाला त्यात या मातीचा वाटा मोठा होता. 2020 च्या ऑगस्टमध्ये त्याच बोगद्याची भिंत आतून ढासळली आणि गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या. म्हणजे माझ्या म्हणण्याला अपवाद आहे आणि तो ठळक आहे. पण तो मातीचा अपवाद आहे, पाषाणाचा नव्हे.

उरलेला इतिहास कटिंगांचा. 16 जून 2004 रोजी मत्स्यगंधा एक्स्प्रेस आमच्याच तालुक्यात करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांना धडकली आणि डबे पुलाखाली गेले. सुमारे 20 माणसं दगावली. त्याआधीच्या वर्षी, जून 2003 मध्ये, वैभववाडीजवळ असाच अपघात झाला होता. दोन्ही ठिकाणी गाडी उघड्यावर होती. त्यानंतर पावसाळ्यात वेग कमी करणारं वेगळं वेळापत्रक, कटिंगांचा उतार कमी करणं, सैल दगड काढणं, जाळ्या मारणं, भिंती बांधणं आणि गस्त वाढवणं हे सगळं आलं. यातलं बरंचसं आधी करता आलं असतं. कमी पैशात, कमी वेळात मार्ग पूर्ण करायच्या जिद्दीत कटिंगा उभ्या ठेवल्या गेल्या, असं माझं मत आहे. उतार जितका कमी ठेवाल तितकी जास्त जमीन घ्यावी लागते आणि जास्त माती उचलावी लागते. उभी कटिंग आज स्वस्त पडते आणि पुढची पन्नास वर्षं तिचे हप्ते भरावे लागतात.

डोंगर कसा सुटतो हे महाडकराला पुस्तकातून शिकावं लागत नाही. 22 जुलै 2021 रोजी तळीये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. खाली काळवथर, त्यावर कुजलेला मुरूम आणि माती. दोन्हींच्या मधे पाणी भरलं की वरचा थर सुटतो. बोगद्याचं तोंड नेमकं या वरच्या थरातच उघडतं. आत शिरल्यावर काही मीटरांत खरा खडक लागतो, पण तोंडाला त्या सैल सालीतूनच जावं लागतं.

रस्त्याच्या बोगद्याचा उल्लेख इथे टाळता येत नाही, कारण पोलादपूरच्या माणसाचा रोजचा बोगदा तोच. मुंबई-गोवा महामार्गावर कशेडी घाटाखालून, पोलादपूर तालुक्यातल्या भोगावकडून खेड तालुक्यातल्या कशेडीकडे, सुमारे दोन किलोमीटरचे जोडबोगदे काढले गेले. 2023 च्या गणपतीला एका बाजूने हलक्या गाड्या सोडल्या तेव्हा चाकरमान्यांचा घाटातला पाऊण तास दहा मिनिटांवर आला. लगेच पुढच्या पावसात गळतीच्या तक्रारी सुरू झाल्या आणि ग्राउटिंगची कामं काढावी लागली. गळणारा बोगदा म्हणजे पडणारा बोगदा नव्हे, हे लोकांना पटवणं कठीण जातं. पण पाण्याला सुरुवातीलाच वाट करून दिली नाही की ते वाट शोधतं, एवढं तरी ठेकेदाराला ठाऊक असायला हवं होतं.

आता मुंबई. कुलाबा-वांद्रे-सीप्झ हा मेट्रो-3 चा मार्ग 33.5 किमीचा. 27 स्थानकांपैकी 26 भुयारी आणि आरेचं एकच जमिनीवर. केंद्र आणि राज्य यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतलं मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशन हे काम करणार आणि मोठा हिस्सा जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून उभा राहणार, असं ठरलं. ऑगस्ट 2014 मध्ये पायाभरणी झाली, 2016 मध्ये सात भागांत स्थापत्य कामांची कंत्राटं दिली गेली, आणि सप्टेंबर 2017 मध्ये माहीमच्या नयानगर इथल्या शाफ्टमध्ये बोगदा खोदणारं पहिलं टीबीएम यंत्र उतरलं. अशी 17 यंत्रं आली. त्यांना कृष्णा, गोदावरी, वैतरणा, सूर्या, तानसा, तापी, वैनगंगा अशी नद्यांची नावं दिली. या नद्या मग मिठीच्या खालून गेल्या. मिठीचं नाव कुठल्याही यंत्राला द्यावंसं वाटलं नाही, हे समजण्यासारखं आहे.

यंत्राचं काम सांगायला सोपं आहे. पुढे फिरती चकती, तिच्यावर खडक चिरडणारी पोलादी चाकं. मागे जॅक, जे शेवटच्या काँक्रीटच्या कड्याला रेटा देऊन यंत्र पुढे ढकलतात. एक कडं मावेल इतकी जागा झाली की आधीच ओतून ठेवलेले काँक्रीटचे तुकडे जुळवून नवं कडं बसवायचं, आणि कडं व खडक यांच्यामधली फट ग्राउटने भरायची. त्यामुळे भुयार खोदून झालं की ते बांधूनही झालेलं असतं. वरच्या रस्त्यावरचा माणूस 20-25 मीटर खाली काय चाललंय याची कल्पनाही न येता वडापाव खात उभा असतो.

मुंबईचा खडक एकसारखा नव्हता. काळवथराच्या थरांमध्ये ब्रेशिया, टफ, कुठे शेल, आणि भराव घालून केलेल्या भागांत समुद्राची चिकणमाती. तरीही सप्टेंबर 2018 मध्ये विमानतळाच्या टी-2 स्थानकात पहिलं यंत्र आरपार बाहेर आलं आणि 30 नोव्हेंबर 2022 रोजी मुंबई सेंट्रलकडून निघालेल्या यंत्राने महालक्ष्मीला 42 वी आणि शेवटची भिंत फोडली. मधली कोविडची दोन वर्षं धरूनही सगळं खोदकाम पाच-सव्वापाच वर्षांत संपलं. जुन्या मोडकळीला आलेल्या इमारती, पश्चिम रेल्वेचे रूळ, नदी, विमानतळ, सगळ्यांच्या खालून.

मग मार्ग पूर्ण व्हायला ऑक्टोबर 2025 का लागला? आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये, तिथून आचार्य अत्रे चौकापर्यंतचा मे 2025 मध्ये, आणि कफ परेडपर्यंतचा उरलेला भाग 8 ऑक्टोबर 2025 च्या उद्घाटनानंतर सुरू झाला. 2014 मध्ये 23,136 कोटी सांगितलेला खर्च 37,270 कोटींच्या पुढे गेला. रूळ, वीज, सिग्नल, अग्निसुरक्षा यांना वेळ लागतोच, तो उशिराच्या खात्यात टाकणं अन्यायाचं होईल. पण उरलेल्या वेळेचा माग काढला तर आपण प्रत्येक वेळी जमिनीवर येऊन पोचतो.

गिरगाव आणि काळबादेवीचं पाहा. जगन्नाथ शंकरशेट मार्ग इतका अरुंद की स्थानकाचा पूर्ण खड्डा वरून उकरायला जागाच नाही. म्हणून काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोडसारख्या स्थानकांचे फलाट एनएटीएम पद्धतीने खोदले. म्हणजे एका शाफ्टमधून खाली उतरायचं, खडक थोडा थोडा काढायचा, लगेच काँक्रीटचा फवारा आणि बोल्ट मारायचे, खडकाची हालचाल मोजत राहायचं आणि पुढे सरकायचं. हे सगळं केलं तरी शाफ्ट आणि जिने यांना जमीन हवीच. त्यासाठी चाळी आणि इमारती गेल्या आणि शेकडो कुटुंबं हलली. त्यांना मानखुर्द-माहुलला न धाडता त्याच भागात नव्या इमारतींत परत आणायचं, हा निर्णय मला या प्रकल्पातला सर्वांत शहाणा वाटतो. फक्त भुयार पाच वर्षांत झालं आणि परतीच्या इमारती मागे रेंगाळल्या, हेही त्याच पानावर लिहायला हवं. भाड्याच्या खोलीत काढलेली वर्षं प्रकल्पाच्या खर्चात दिसत नाहीत.

दक्षिण मुंबईत झाडं आणि रात्रीचा आवाज यांवरून रहिवासी उच्च न्यायालयात गेले. 2017 मध्ये रात्रीच्या कामाला काही काळ मनाई झाली. खाली दिवस-रात्र सारखीच असते, पण उपसलेलं डबर वर काढून ट्रकमध्ये भरायचं ते लोकांच्या खिडकीखाली.

आणि आरे. भुयारातल्या गाडीला धुवायला, दुरुस्त करायला कुठेतरी उजेडात यावंच लागतं. ती जागा आरेची ठरली. 4 ऑक्टोबर 2019 रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने 7 तारखेला थांबवेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडं पडली होती. सरकार बदललं, काम थांबलं. 2020 मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचं ठरलं, ती जमीन न्यायालयात अडकली. 2022 मध्ये पुन्हा सरकार बदललं आणि कारशेड आरेला परतली. दरम्यान डबे तयार झालेले. ते ठेवायला जागा नाही म्हणून आरेजवळच्या सारीपुत नगरात तात्पुरती सोय करून ऑगस्ट 2022 मध्ये पहिली चाचणी घ्यावी लागली. झाडांसाठी लढणाऱ्यांना विकासविरोधी ठरवणं जितकं खोटं, तितकंच कारशेडशिवाय मेट्रो चालेल असं मानणंही. दोष त्याही आधीचा आहे. मार्गाची रेघ आखताना भुयाराला दहा पर्याय तपासले जातात; ते उघड्यावर येतं त्या जागेला फार तर दोन.

शेवटचं तोंड वरळीचं. 26 मे 2025 रोजी मोसमी पाऊस वेळेआधी मुंबईत पोचला आणि आचार्य अत्रे चौक स्थानकाचा फलाट चिखलाच्या पाण्याखाली गेला. स्थानक सुरू होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. भुयार फुटलं नव्हतं. अर्धवट राहिलेल्या एका प्रवेशद्वाराची पाणी अडवणारी भिंत कोसळली आणि रस्त्यावरचं पाणी जिन्याने उतरलं. कामाची घाई उद्घाटनाची असते, जिन्याची नसते. पाऊस जूनमध्ये येईल या हिशेबाने काम करणाऱ्याला कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याने सांगितलं असतं की वळवाचा भरवसा धरू नये.

पुण्याचं काम लहान, म्हणून थोडक्यात. मुठा, मुळा आणि पवना अशी नावं दिलेल्या यंत्रांनी शिवाजीनगर आणि स्वारगेट यांच्यामध्ये कसबा पेठ, मंडई यांच्याखालून भुयार काढलं, आणि सिव्हिल कोर्टचं स्थानक 33 मीटर खोल गेलं. सप्टेंबर 2024 मध्ये स्वारगेटपर्यंत गाडी सुरू झाली. तिथेही पेठांमधल्या वाड्यांच्या खालून जाणं जमलं आणि पेठेत जिन्यासाठी जागा मिळवणं जिकिरीचं झालं.

एक गोष्ट मात्र मुंबईच्या मार्गाबद्दल सलते, आणि तिचा इंजिनिअरिंगशी संबंध नाही. ग्लासगोने भुयारी रेल्वे बांधली तेव्हा गोव्हनच्या गोद्या जोरात होत्या आणि कामगार तिने जात. मुंबईने बांधली तेव्हा गिरण्या जाऊन एक पिढी लोटली होती. जानेवारी 1982 च्या संपानंतर लालबाग-परळमधून महाड-पोलादपूरचे कितीतरी जण गावी परतले ते परतलेच. मेट्रो-3 कफ परेड, वरळी, वांद्रे-कुर्ला संकुल, विमानतळ आणि सीप्झ जोडते. लालबाग आणि परळ तिच्या वाटेवर नाहीत. रेघ नोकऱ्या आहेत तिथे जाते हे खरंच. पण गिरण्या चालू असतानाच, 1960 च्या दशकात, मुंबईत वेगवान वाहतुकीचे अभ्यास सुरू झाले होते, हे विसरता येत नाही.

आता पाळी मेट्रो-11 ची. आणिक आगारापासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत सुमारे साडेसतरा किलोमीटरचा, जवळजवळ सगळा भुयारी मार्ग राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये मंजूर केला. तो भायखळा, नागपाडा, भेंडी बाजार, क्रॉफर्ड मार्केट या दाट वस्तीखालून जाईल. खडक तोच आहे, यंत्रं आणि ती चालवणारी माणसं आता इथेच तयार आहेत. नकाशावर रेघ ठळक आहे. शाफ्ट, जिने आणि डबर काढायची जागा यांच्या खुणा मात्र बारीक ठिपक्यांनी दाखवल्या जातात. भेंडी बाजारातल्या रहिवाशाने नकाशा हाती आल्यावर रेघ सोडून आधी ते ठिपके मोजावेत, आणि प्रत्येक ठिपक्यावर आज काय उभं आहे, तिथलं पावसाचं पाणी कुठे जातं, हे निविदा निघायच्या आत विचारून घ्यावं.